साडेएकावन्न मतं

आईच्या कोल्हापूरच्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर एक फोटो आहे. दोन पोरं एका विद्यापीठाच्या आवारात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी आहेत. एकाच्या अंगात निळा शर्ट, दुसऱ्याच्या लाल. दोन्ही शर्टांच्या छातीवर मजकूर एकच: राष्ट्रीय विजेते, १९९७. निळ्यातला मी. लालमधला माझा मित्र, शिवाजी पेठेतला. फोटो एप्रिल १९९८ चा, मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावचा. पंचवीस वर्षांहून जास्त झाली, आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवते आणि सांगते, "अमेरिकेत दोघांचा पहिला नंबर आला होता." सुरुवातीला मी खुलासा करायचो. आता करत नाही. खुलासा लांबत जातो, पाहुण्यांचा चहा गार होतो, आणि शेवटी आईचंच म्हणणं बरोबर निघतं.

आम्ही दोघं एका वर्गातले. ऑगस्ट १९९७ मध्ये आठवडाभराच्या अंतरानं पुढं शिकायला निघालो. मी ॲन आर्बरला, तो नेब्रास्का राज्यातल्या लिंकनला. मधे हजारावर किलोमीटर. आणि मी मंगळवार पेठेतला. कोल्हापूरच्या वाचकाला एवढ्यावर पुढचं सगळं कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो: आमच्याकडं फुटबॉल हा तालमींचा खेळ आहे. पेठेची तालीम, तालमीचा संघ, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की त्या संध्याकाळी कुठल्या गल्लीतून घरी जायचं याचा विचार करावा लागतो. आम्ही दोघं लहानपणापासून एकमेकांच्या विरुद्ध बाजूला बसून ओरडलेलो. अमेरिकेत गेल्यावर तरी हे सुटेल असं दोन्ही घरच्यांना वाटलं होतं.

पहिल्या आठवड्यात कळलं की इथंही सगळं गाव फुटबॉलनं येडं झालंय. मी खूश. मग टीव्हीवर बघितलं तर चेंडू लिंबासारखा दोन्हीकडं टोकदार आणि सगळे तो हातात घेऊन पळतायत. फोनवर मित्र म्हणाला, "ह्यात पाय कुठं लागतोय रं? उगंच नाव दिलंय." पायाचा प्रश्न त्यानंच काढला होता, हे लक्षात ठेवा.

मिशिगनचं स्टेडियम बाहेरून बघितलं तर फसायला होतं. एवढं नावाजलेलं, आणि रस्त्यावरून बसकं दिसतं. दारातून आत गेलं की पायाखालची जमीन खाली खाली जाते, कारण १९२७ साली ते बांधलं तेच मुळी जमीन खोल खणून. मैदान तळाशी, माणसं चहूबाजूंच्या उतारावर. मला एकदम खासबाग आठवलं. शाहू महाराजांनी बांधलेलं आमचं कुस्तीचं मैदान असंच आहे, कुठंही बसा, हौदातली कुस्ती दिसते. फरक इतकाच की इथं एक लाखाहून जास्त माणसं बसतात. १३ सप्टेंबरला मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा समोर कोलोराडो होतं. नियम म्हणावे तर चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं एवढंच शेजारच्या पोरानं सांगितलं होतं. मिशिगननं २७-३ असा सामना मारला. बाहेर पडताना माझा घसा बसला होता, आणि त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा मला कुणीतरी अनोळखी माणसानं मिठी मारली होती. संघाशी माझं नातं जुळलं ते तिथं. खेळ कळायला अजून महिनाभर होता.

तिकडं मित्राचं वेगळंच. नेब्रास्काची लोकसंख्या तेव्हा सतरा लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्मी. गावोगाव मका. मोठ्या लीगचा एकही व्यावसायिक संघ नाही. १९६२ पासून तिथल्या स्टेडियमचं एकही तिकीट शिल्लक राहिलेलं नाही, आणि सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम ओमाहा आणि लिंकननंतरचं राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं. हे तो मला अशा थाटात सांगायचा की जणू त्याच्या आजोबांनीच पाया खणलाय. रात्री फोनचे दर उतरायचे, तेव्हा आम्ही बोलायचो. अभ्यास, रूम पार्टनर, कुकरची शिट्टी याच्यावर दोन मिनिटं, उरलेला वेळ फुटबॉल. ऑक्टोबरपर्यंत तो मला ॲन आर्बरकर म्हणायला लागला होता आणि मी त्याला लिंकनकर.

आता मूळ भानगड. हे वाचून तुम्हाला खोटं वाटेल, पण १९९७ साली या खेळाचा राष्ट्रीय विजेता ठरवणारी स्पर्धाच नव्हती. कॉलेजांच्या खेळांची तिथली मोठी संस्था पोहण्यापासून तलवारबाजीपर्यंत सगळ्यांत अजिंक्यपदं देते, पण सर्वोच्च दर्जाच्या फुटबॉलमध्ये देत नाही. शंभरावर संघ. प्रत्येक जण अकरा-बारा सामने खेळणार, तेही बहुतेक आपापल्या भागातल्या संघांशी. मग नव्या वर्षाच्या आसपास वेगवेगळ्या शहरांत मानाचे सामने होणार, त्यांना तिथं बाऊल म्हणतात. आणि ते झाले की मतदान. असोसिएटेड प्रेसच्या यादीत ७० पत्रकार, दुसरी यादी ६२ प्रशिक्षकांची. पत्रकारांचा पहिला तो एक विजेता, प्रशिक्षकांचा पहिला तो दुसरा. बहुतेक वर्षी दोन्ही नावं एकच निघायची आणि कुणी काही बोलायचं नाही.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खासबागेतले माझे आजोबा डोळ्यांसमोर आले. त्यांना निकाली कुस्ती लागायची. पाठ टेकली, आकाश बघितलं, विषय संपला. अर्धा-पाऊण तास झटापट होऊन पंचांनी कुस्ती सोडवली आणि दोघांचे हात वर केले, की आजोबा टोपी झटकून उठायचे. पुढच्या जोड्या बाकी असल्या तरी उठायचे. "ह्येला काय कुस्ती म्हणत्यात?" एवढंच म्हणायचे आणि घरापर्यंत गप्प. इथं तर कुस्ती न लावताच पंच हात वर करायला निघाले होते.

ऑक्टोबरभर दोन्ही संघ जिंकत राहिले. एकदा आयोवाविरुद्ध मध्यंतराला मिशिगन २१-७ असं मागं पडलं तेव्हा आमच्या घरातले सगळे गप्प झाले होते, ते २८-२४ वर निघालं. नेब्रास्काला तसं कुणी अडवतच नव्हतं.

मग ८ नोव्हेंबरचा शनिवार आला. त्या दिवशी मिशिगन पेनसिल्व्हेनियात जाऊन पेन स्टेटशी खेळलं. दोघंही तोवर अपराजित. काटाजोड होईल असं सगळ्या तज्ज्ञांनी सांगितलेलं, आणि मिशिगननं त्यांना ३४-८ असं लोळवलं. मी आनंदानं वेडा होऊन लिंकनला फोन लावला. उचलला तो कुणी दुसऱ्याच पोरानं. मागं नुसता आरडाओरडा. पाच मिनिटांनी मित्र आला, आवाज गेलेला. "पाय लागला," म्हणाला. "काय?" "लेका, पाय लागला! तू म्हणालास न्हवं, ह्यात पाय कुठं लागतोय?" म्हणाला होता तो, मी नव्हे. पण ती वेळ तसलं काढायची नव्हती.

झालं होतं ते असं. नेब्रास्का मिझुरीच्या मैदानावर खेळत होतं आणि ३८-३१ असं मागं होतं. सात सेकंद शिल्लक, गोलरेषा बारा यार्डांवर. स्कॉट फ्रॉस्ट या क्वार्टरबॅकनं, म्हणजे संघाचा डाव चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या गड्यानं, चेंडू शेविन विगिन्सकडं फेकला. मिझुरीच्या खेळाडूनं धक्का दिला, चेंडू विगिन्सच्या हातातून निसटला, विगिन्स पाठीवर पडत होता. आणि पडता पडता त्याच्या पायानं चेंडू पुन्हा वर उडाला. तो हवेत गिरक्या घेत मागं गेला, आणि मॅट डेव्हिसन नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोरानं झेप घेऊन गवताच्या वीतभर वर तो पकडला. वेळ संपलेली. सामना जिंकलो असं वाटून मिझुरीची पोरं मैदानात उतरायला लागली होती, त्यांना मागं हटवावं लागलं. ३८-३८. जादा डावात फ्रॉस्ट स्वतःच चेंडू घेऊन घुसला, ४५-३८. वर्षभरापूर्वी, १९९६ मध्ये, या खेळात जादा डावाचा नियम आला नसता तर हा सामना बरोबरीत सुटला असता आणि मला हा लेख लिहायला काही कारण उरलं नसतं.

मिझुरीच्या लोकांची मला अजून दया येते. सात वर्षं आधी, १९९० मध्ये, याच मैदानावर पंचांची मोजणी चुकली होती आणि कोलोराडोला चारऐवजी पाच प्रयत्न मिळाले होते. पाचव्यावर कोलोराडो जिंकलं, ३३-३१. पुढं त्या वर्षी पत्रकारांनी कोलोराडोला विजेता ठरवलं, प्रशिक्षकांनी जॉर्जिया टेकला, आणि तेही ८४७ विरुद्ध ८४६ अशा एका गुणानं. म्हणजे अख्ख्या देशाच्या दोन वादग्रस्त अजिंक्यपदांची विहीर एकाच गावात खोदलेली, आणि त्या गावाला त्यातलं पाणी एकदाही मिळालं नाही.

चेंडू मुद्दाम लाथाडणं नियमात बसत नाही. तेव्हा ती लाथ लागली की मारली, हा प्रश्न त्या रात्रीच फोनवर सुरू झाला. मित्राचं म्हणणं, माणूस पडताना पाय वर जाणारच. माझं म्हणणं, कोल्हापुरात वाढलेल्या माणसानं लागलेला पाय आणि मारलेला पाय यातला फरक मला शिकवू नये.

मतदारांनाही काही तरी खटकलं असणार. तोवर पहिलं असलेलं नेब्रास्का तो सामना जिंकूनही पत्रकारांच्या यादीत तिसऱ्यावर घसरलं आणि मिशिगन पहिलं झालं. २२ नोव्हेंबरला मिशिगननं आपल्या जन्माच्या वैऱ्याला, ओहायो स्टेटला, २०-१४ असं हरवलं. त्या सामन्यात चार्ल्स वुडसननं आलेली किक पकडून ७८ यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला. मी बरोबर त्याच वेळी वाकून खाली पडलेला हातमोजा शोधत होतो. वर बघितलं तर एक लाख माणसं उभी आणि वुडसन गोलरेषेच्या पलीकडं. आयुष्यात प्रत्यक्ष मैदानावर बसून मी जे सगळ्यात मोठं बघायला हवं होतं ते मी बघितलेलं नाही; हे मित्राला अजून सांगितलेलं नाही. त्या डिसेंबरात वुडसनला हाइझमन करंडक मिळाला, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा. मुख्यतः बचाव खेळणाऱ्या माणसाला तो पहिल्यांदाच मिळत होता, आणि मागं पडला होता टेनेसीचा पेटन मॅनिंग.

आता अपराजित राहिले दोन. मिशिगन पहिलं, नेब्रास्का दुसरं. कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल, लावा की एकमेकांशी. पण मिशिगनच्या भागाचा विजेता आणि पॅसिफिक किनाऱ्याचा विजेता यांनी कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला 'रोज बाऊल' नावाचा सामना खेळायचा, असा करार दुसऱ्या महायुद्धानंतरपासून चालत आलेला. बाकीच्या भागांनी मिळून आपली वेगळी व्यवस्था केलेली, तिच्यात नेब्रास्का मायामीच्या ऑरेंज बाऊलला जाणार. दोन गावांच्या दोन जत्रा, दोन्हीकडं मानाची कुस्ती, आणि खरी जोड जमणार कुठंच नाही. मानपानापुढं कुणाचं चालतं? आमच्याकडं पालखीच्या पुढं कुणाचा घोडा चालायचा यावर माणसं कोर्टात गेलेली आहेत, तेव्हा मी अमेरिकनांना हसणार नाही.

त्यात १० डिसेंबरला टॉम ऑस्बॉर्न यांनी निवृत्ती जाहीर केली. पंचवीस वर्षं नेब्रास्काचे मुख्य प्रशिक्षक. मित्रानं हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज घरातलं कुणी गेल्यासारखा होता. मी थट्टा करणार होतो, राहून गेली. मग त्यानं मला १९८४ ची गोष्ट सांगितली, आणि या सगळ्या भानगडीत मनाला लागलेली गोष्ट कुठली असेल तर ती.

२ जानेवारी १९८४. हाच ऑरेंज बाऊल. नेब्रास्का अपराजित, समोर मायामी, त्यांच्याच गावात. शेवटच्या मिनिटात नेब्रास्कानं टचडाउन करून ३१-३० पर्यंत आणलं. टचडाउननंतर एक सोपी किक मारली की एक गुण मिळतो. ३१-३१. अपराजित राहून बरोबरी, आणि मतदानात अजिंक्यपद जवळजवळ खिशात. ऑस्बॉर्ननी किक मारली नाही. किकऐवजी चेंडू पुन्हा गोलरेषेपार नेला तर दोन गुण मिळतात, त्यासाठी जायला सांगितलं. जिंकायचं तर जिंकून. पास मायामीच्या हाताला लागून खाली पडला. ३१-३० असंच राहिलं, आणि अजिंक्यपद मायामीला गेलं. दोघांचे हात वर करून घ्यायची संधी समोर असताना त्या माणसानं पाठ टेकवायचा डाव टाकला होता. आजोबा असते तर त्यांनी उठून फेटा उडवला असता.

१ जानेवारी १९९८, गुरुवार. आम्ही सात-आठ जण एका घरात रोज बाऊल बघायला जमलो. बाहेर बर्फ, पडद्यावर पासाडेनाचं ऊन. समोर वॉशिंग्टन स्टेट, त्यांचा क्वार्टरबॅक रायन लीफ. आमचा क्वार्टरबॅक ब्रायन ग्रीसी, आणि गंमत म्हणजे सामन्याचं समालोचन करणाऱ्यांत त्याचे वडील बॉब ग्रीसी. मिशिगन २१-१६ असं पुढं. शेवटच्या काही सेकंदांत लीफनं त्यांना आमच्या हद्दीत आणलं. घड्याळावर दोन सेकंद. लीफनं घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटला. पंच म्हणाले, वेळ संपली. वॉशिंग्टन स्टेटवाले आजही म्हणतात की एक सेकंद उरला होता. मी ते दृश्य नंतर किती वेळा बघितलंय ते सांगत नाही; उरलाही असेल. त्या दिवशी आम्ही पलंगावर उड्या मारत होतो. ग्रीसी सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा वरच्या खोलीतून बोलणाऱ्या त्याच्या वडिलांचा गळा दाटला.

दुसऱ्या रात्री ऑरेंज बाऊल. नेब्रास्कानं टेनेसीला, म्हणजे त्याच पेटन मॅनिंगच्या संघाला, ४२-१७ असं चिरडलं. आहमान ग्रीन एकटा २०६ यार्ड पळाला. सामना संपल्यावर फ्रॉस्ट टीव्हीवर बोलला. प्रशिक्षकांना उद्देशून त्यानं विचारलं त्याचा मथितार्थ असा होता की तुमची नोकरी पणाला लागली असेल तर समोर कोण चालेल, मिशिगन की आम्ही? बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं मतदानाच्या आदल्या तासाला केलेला प्रचार होता तो. आमच्या घरात त्याला शिव्या पडल्या. मला मात्र वाटलं की प्रश्न पेठेतल्या माणसासारखा विचारलाय.

शनिवारी सकाळी निकाल आला. पत्रकारांच्या ७० मतांपैकी मिशिगनला साडेएकावन्न, नेब्रास्काला साडेअठरा. कुणा एका पत्रकारानं आपलं मत मधोमध कापून दोघांना दिलं होतं. घरातली अमेरिकन पोरं या अर्ध्यावर हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही वाटेना. सव्वा, दीड, पाऊण, अडीच शिकून वाढलेल्या माणसाला साडेएकावन्न हा आकडा घरचा वाटतो. त्या सत्तर जणांत तेवढा एकच माणूस मला प्रामाणिक वाटला, आणि आजही वाटतो. मिशिगनला पत्रकारांचं अजिंक्यपद १९४८ नंतर पहिल्यांदा मिळत होतं.

प्रशिक्षकांनी मात्र नेब्रास्काला पहिलं केलं. १५२० गुण विरुद्ध १५१६. आदल्या यादीत पहिलं असलेलं मिशिगन शेवटचा सामना जिंकून दुसरं झालं होतं.

रविवारी मी पेपर समोर घेऊन बसलो. बाहेर जाण्यासारखं हवामान नव्हतं आणि शिक्षणावर इतका खर्च केल्यावर चार गुणांचा हिशेब तरी यायला हवा. पहिल्या क्रमांकाला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं खाली खाली. नेब्रास्काला पहिली मतं ३२. उरलेल्या ३० जणांनी त्यांना दुसरं ठेवलं असेल तर ८०० अधिक ७२०, बरोबर १५२०. म्हणजे एकाही प्रशिक्षकानं नेब्रास्काला दुसऱ्याच्या खाली ठेवलं नव्हतं. आता मिशिगन. पहिली मतं ३०, त्याचे ७५०. उरलेल्या ३२ जणांनी दुसरं ठेवलं असतं तर ७६८. बेरीज १५१८. छापलेले १५१६. दोन गुण गळले होते. म्हणजे एक तर कुणी दोघांनी मिशिगनला तिसरं ठेवलं, नाही तर एकानं चौथं. बारापैकी बारा जिंकलेला संघ चौथा! मतपत्रिका तेव्हा गुप्त होत्या. शेवटची मतं जाहीर करायची पद्धत पुढं २००५ मध्ये आली. मी फोन उचलला आणि तो हिशेब लिंकनला ऐकवला. मित्रानं शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "बरं. ते दोन घाल की परत. किती झालं?" "पंधराशे अठरा." "आणि आमचं?" मी काही बोललो नाही. "पंधराशे वीस," तो म्हणाला. "गणितात मी तुझ्यापेक्षा कच्चा होतो म्हणं." कागद मी चुरगळून टाकला.

ऑस्बॉर्नना निरोपाची भेट म्हणून मतं पडली, असं ॲन आर्बरमध्ये सगळे म्हणत होते. पडलीही असतील काही. मला वेगळंच खटकत होतं. ज्या माणसानं चौदा वर्षांपूर्वी त्याच तारखेला बरोबरी नाकारली होती, त्याच्या गळ्यात शेवटच्या रात्री अर्धा हारच पडला. मित्राला हे म्हणालो तर तो म्हणाला, "अर्धा कसला? आमच्याकडं पूर्ण हाय. तुमचा बी पूर्ण असंल तर असू दे."

एप्रिलमध्ये तो बसचा लांबचा प्रवास करून आला, बॅगेत तांबडा रस्सा करायचा मसाला आणि अंगात तो लाल शर्ट. आईच्या फळीवरचा फोटो त्याच वेळचा.

पुढच्याच वर्षी व्यवस्था बदलली. रोज बाऊलवाल्यांना आत घेऊन पहिल्या-दुसऱ्यांची थेट गाठ घालायची ठरली, कॉम्प्युटरचीही मतं धरली. तरी २००३ मध्ये पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांच्याही यादीत पहिला असलेला दक्षिण कॅलिफोर्नियाचा संघ अंतिम सामन्याबाहेर राहिला आणि पुन्हा दोन विजेते झाले. २०१४ पासून चार संघांची बाद फेरी, २०२४ पासून बारांची. मधल्या काळात फ्रॉस्ट पुन्हा या गोष्टीत आला. तो सेंट्रल फ्लोरिडाचा प्रशिक्षक असताना २०१७ मध्ये त्यांनी तेराच्या तेरा सामने जिंकले, त्यांना चारांत घेतलंच नाही, तर त्यांनी आपण आपलंच राष्ट्रीय विजेतेपद जाहीर करून मिरवणूक काढली. मित्र खूश होता. मग फ्रॉस्ट प्रशिक्षक म्हणून नेब्रास्काला परतला, १६ सामने जिंकला, ३१ हरला, आणि २०२२ मध्ये त्याला काढून टाकलं. त्याबद्दल मी आजवर एक शब्द काढलेला नाही. पेठांच्या भांडणालाही रीत असते.

आता एक कबूल करतो. मागच्या काही वर्षांत त्या सीझनचे जुने सामने इंटरनेटवर मिळायला लागले. रात्री घरचे झोपले की मी बघतो, आता खेळ कळतो म्हणून बघतो. मिशिगनचा बचाव लोखंडी होता, वर्षभरात सामन्याला सरासरी दहाच्या आत गुण दिले त्यांनी. पण टेनेसीविरुद्ध नेब्रास्काची पुढची फळी बघताना मी दोनदा व्हिडिओ थांबवला. समोरचे धिप्पाड गडी पावलापावलानं मागं ढकलले जात होते, दारात उभा राहिलेला पाहुणा यजमान आत आत नेतो तसे. ती जोड लागली असती तर माझे पैसे मी नेब्रास्कावर लावले असते. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून मी ज्याच्यासाठी भांडतोय तो संघ बहुतेक हरला असता. ॲन आर्बरमध्ये त्या सप्टेंबरात मला कुणी मिठी मारली नसती तर मीही तटस्थ राहून हे तेव्हाच बोललो असतो.

८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये मिशिगननं अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवलं. पंधरा सामने, पंधरा विजय, मधे कुणाचं मत नाही, अर्धं मत नाही. चितपट. रात्री उशिरा मित्राचा फोन आला. तो आता टेक्ससमध्ये असतो, मी अजून मिशिगनमध्येच. त्यानं मनापासून अभिनंदन केलं. मग त्या सीझनमध्ये मिशिगनवर समोरच्या संघांच्या डावाच्या खुणा चोरून टिपल्याचा ठपका आला होता, त्यावरून दोन चिमटे काढले. मी ते निमूट घेतले. मुलांची चौकशी झाली. त्याच्या आईच्या गुडघ्याचं झालं. आणि मग दोघांकडंही बोलायला काही उरलं नाही. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

माझ्या मनात आलं, सांगून टाकावं. एवढ्या वर्षांनी, आज जिंकलोय तर, मोठ्या मनानं. मी घसा साफ केला.

तेवढ्यात तो म्हणाला, "पण ती मिझुरीची लाथ काय मुद्दाम न्हवती हं."

"मुद्दामच होती," मी म्हणालो.